लव्हाळा : विनयपिटकातील एक मूलभेषज

पावसाळा स्थिरावला की महाराष्ट्रातील कोणत्याही काळ्या रानात पिकाच्या ओळींमधून गडद हिरवी, चकचकीत, टोकदार पाती वर आलेली दिसतात. शेतकरी या तणाला लव्हाळा म्हणतो, काही भागांत मोथा म्हणतो, आणि हरळी व कुंदा यांच्या पंक्तीत बसवून त्याच्या नावाने बोटे मोडतो. हीच वनस्पती संस्कृत वैद्यकग्रंथांत मुस्ता अथवा भद्रमुस्ता या नावाने, आणि पालि विनयपिटकात भद्दमुत्तक या नावाने येते. ज्या तणाची निंदणी करता करता आपल्या आया-बहिणींची हयात गेली, त्याच तणाची मुळी तथागतांनी आजारी भिक्खूंसाठी अनुज्ञा दिलेल्या औषधांत गणलेली आहे, ही गोष्ट आपल्या अभ्यासवर्गांतून फारशी सांगितली जात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या एका मुळीचा माग काढण्याचा प्रयत्न करीत आहोत. मुळी लहान असली तरी तिच्यामागे असलेला प्रश्न लहान नाही. औषधीचे ज्ञान मुळात कोणाचे, हा तो प्रश्न होय.

प्रथम वनस्पतीविषयी. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव सायपेरस रोटुंडस असे आहे. ती गवतासारखी दिसते, परंतु गवत नव्हे. दांडा बोटांत फिरवून पाहिला तर तो गोल न लागता तीन धारांचा लागतो, आणि पाने तीन ओळींत फुटलेली असतात. खरा जीव मात्र जमिनीखाली असतो. तेथे बारीक तंतूंनी एकमेकींस जोडलेल्या, बाहेरून काळसर आणि आतून पांढुरक्या गाठींची माळ असते. गाठ फोडली की उग्र, पण आवडेल असा सुवास येतो. वरची पात उपटली तर गाठ पुन्हा फुटते. माळेतील एक गाठ तोडली तर इतका वेळ झोपलेल्या शेजारच्या गाठी जाग्या होतात. म्हणूनच १९७७ मध्ये लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत त्रासदायक तणांचा आढावा घेतला तेव्हा पहिला क्रमांक लव्हाळ्याला दिला. तुकोबांनी लव्हाळ्याला नम्रतेचा आदर्श केले. खुरपे हाती धरणाऱ्या बाईला विचारले तर ती सांगेल की लव्हाळा टिकतो तो वाकण्यामुळे नव्हे, जमिनीखाली राखून ठेवलेल्या गाठींमुळे.

आता विनयाकडे वळू. महावग्गाचा सहावा खंधक भेसज्जक्खन्धक म्हणून ओळखला जातो. त्याचा आरंभ श्रावस्तीत होतो. शरद ऋतूतील आजाराने भिक्खू ग्रासलेले आहेत. खाल्लेले अन्न पोटात ठरत नाही, शरीरे कृश आणि निस्तेज झाली आहेत. हे पाहून भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित अशा पाच औषधांची अनुज्ञा दिली. प्रव्रज्येच्या वेळी औषध म्हणून भिक्खूला केवळ गोमूत्राचा आधार सांगितलेला असे, हे लक्षात घेतले म्हणजे ही अनुज्ञा केवढी मोठी होती ते कळते. पुढे एकेका आजाऱ्याची गरज पुढे येते आणि एकेक नियम सैल होतो : चरबी, मुळ्या, काढे, पाने, फळे, डिंक, मीठ. हा खंधक वाचताना आम्हांस वारंवार जाणवते की येथे नियम आधी आणि रोगी नंतर असा क्रम नाही. रोगी आधी आहे.

मूलभेषजांच्या अनुज्ञेत आठ नावे आहेत. हळद, आले, वेखंड, वचत्त (हा वेखंडाचाच एक प्रकार समजला जातो), अतिविष, कुटकी, वाळा आणि शेवटी भद्दमुत्तक, म्हणजे आपला लव्हाळा. यादी येथे बंद होत नाही. अन्न म्हणून ज्यांचा उपयोग होत नाही अशा इतर औषधी मुळ्याही चालतील, असे लागलीच सांगितले आहे. या मुळ्या एकदा स्वीकारल्या की आयुष्यभर जवळ ठेवता येतात. अट एवढीच की कारण असेल तेव्हाच घ्यावयाच्या. त्यानंतरचा तपशील आम्हांस विशेष प्रिय आहे. भिक्खूंना मुळ्यांचे चूर्ण हवे होते, तेव्हा भगवंतांनी पाटा आणि वरवंटा ठेवण्याची अनुज्ञा दिली. मुळी, दगड आणि आजारी माणूस, एवढेच तेथे आहे. याच खंधकात अमानुष बाधेवर कच्चे मांस व रक्त यांचीही नोंद आहे. तेव्हा विनयातील सर्व उपचार आजच्या अर्थाने विज्ञाननिष्ठ होते असे म्हणणे अतिरेकाचे होईल. परंतु मुळ्यांच्या अनुज्ञेत मंत्र नाही, मुहूर्त नाही, आणि कोणत्या वर्णाच्या माणसाने ती द्यावी याचा उल्लेख नाही.

ही यादी चरकसंहितेशेजारी ठेवून पाहावी. चरकाच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात ५० महाकषायांची, म्हणजे प्रत्येकी दहा औषधींच्या गटांची, मांडणी आहे. त्यांपैकी लेखनीय गटात मुस्ता, कुष्ठ, हरिद्रा, दारुहरिद्रा, वचा, अतिविषा, कटुरोहिणी, चित्रक, चिरबिल्व आणि हैमवती ही नावे येतात. विनयातील आठांपैकी पाच नावे येथे एकत्र आहेत : लव्हाळा, हळद, वेखंड, अतिविष, कुटकी. हैमवती हाही वेखंडाचा प्रकार धरला तर साम्य आणखी वाढते. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील ३८ व्या अध्यायात तर एका गणाचे नावच मुस्तादि गण असे आहे, आणि त्यातही हीच पाच नावे पुन्हा भेटतात. हा केवळ योगायोग मानणे अवघड आहे.

येथे मात्र पाय जपून टाकावयास हवा. आपल्यांतील काही उत्साही अभ्यासक अशा साम्यावरून सबंध आयुर्वेद बौद्धांकडून पळविला गेला असा निष्कर्ष काढतात. दुसऱ्या बाजूस, वैद्यक म्हणजे वेदांचा उपवेद असे सांगून संघाचे नावही न घेणारी पाठ्यपुस्तके आहेत. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ मध्ये आणि केनेथ झिस्क यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनी या दुसऱ्या समजुतीला जबर धक्का दिला. झिस्क यांच्या मते श्रमण परंपरेत, विशेषतः बौद्ध संघात, अनुभवावर आधारलेले वैद्यक वाढले आणि नंतर त्याच्यावर ब्राह्मणी आवरण चढले. हे मत सर्वच विद्वानांना मान्य झालेले नाही. पालि विनय दीर्घकाळ मौखिक राहिला आणि इ.स.पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लिपिबद्ध झाला. चरकसंहितेचे आजचे रूपही अनेक हातांतून गेलेले आहे. तेव्हा कोणी कोणाचे घेतले हे केवळ दोन याद्यांवरून ठरविता येत नाही. आमचे मत असे की दोघांनीही पाणी एकाच आडातून शेंदले. तो आड कोणी खणला, हे विचारणे अधिक फलदायी आहे.

याचे उत्तर स्वतः चरकाने अर्धे देऊन ठेवले आहे. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात तो मान्य करतो की रानात शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी लोक औषधी नावाने व रूपाने ओळखतात. सुश्रुतही व्याध, गुराखी आणि कंदमुळांवर जगणारे यांच्याकडून औषधी जाणून घ्याव्यात असे सुचवितो. चरक पुढे बजावतो की केवळ नाव-रूप जाणणे पुरेसे नाही, योजना जाणणारा तोच खरा वैद्य. वैद्य म्हणून त्याचे म्हणणे गैर नाही. पण मेंढपाळाला मुळीचे नाव आणि रूप ठाऊक असते, पण तिचा उपयोग ठाऊक नसतो, हे आम्हांस पटत नाही. ज्याचे कोकरू हगवणीने मरते आहे तो मुळी केवळ ओळखून थांबेल काय?

ज्या समाजव्यवस्थेत हे ग्रंथ लिहिले गेले तिची वैद्याकडे पाहण्याची दृष्टीही विसरता येत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीस वर्ज्य असलेल्यांत वैद्य आहे. चौथ्या अध्यायात त्याचे अन्न निषिद्ध आहे. दहाव्यात चिकित्सेचे काम अंबष्ठ या संकर म्हणून हिणविलेल्या जातीवर सोपविले आहे. रोग्याचा मळ-पू ज्याच्या हाताला लागतो तो अशुद्ध, असा हा न्याय. याउलट महावग्गाच्या आठव्या खंधकात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंत आणि आनंद यांनी स्वहस्ते धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. त्या भिक्खूला कोणते औषध दिले ते विनयात सांगितलेले नाही. भिक्षान्नावर जगणाऱ्या आणि वर्षावासात एकत्र राहणाऱ्या समूहात पोटाचे विकार वारंवार उद्भवत असणार, एवढे मात्र त्यावरून समजते; आणि लव्हाळ्याची पहिली ख्याती पोटाच्या विकारांवरचीच आहे.

त्याच आठव्या खंधकात जीवकाचे चरित्र आहे. राजगृहातील गणिका सालवतीचा हा मुलगा जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर टाकला गेला आणि राजपुत्र अभयाने त्याला वाढविले. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात थोरामोठ्यांच्या धम्मदीक्षेच्या कथांत जीवकाला स्वतंत्र स्थान दिले आहे. तक्षशिलेस सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला कुदळ घेऊन सभोवारच्या एका योजनात फिरावयास आणि औषध नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले. तो रिकाम्या हाताने परतला आणि परीक्षा उत्तीर्ण झाला. ही कथा आपण मुलांना नेहमी सांगतो, पण तिच्यातील कुदळीकडे लक्ष देत नाही. तक्षशिलेच्या विद्यार्थ्याची परीक्षा पाठांतराने नव्हे, कुदळीने झाली.

कुदळीचा प्रश्न विनयात एका वेगळ्याच वळणाने येतो. पाचित्तियातील दहाव्या नियमाने भिक्खूला जमीन खणण्याची मनाई आहे आणि अकराव्या नियमाने जिवंत वनस्पती तोडण्याची. या अकराव्या नियमाच्या स्पष्टीकरणात मुळापासून वाढणाऱ्या वनस्पतींची उदाहरणे दिली आहेत, आणि ती नेमकी वरचीच आठ नावे आहेत : हळदीपासून भद्दमुत्तकापर्यंत, त्याच क्रमाने. म्हणजे एकच यादी विनयात दोन ठिकाणी येते. एकदा घ्यावयाचे औषध म्हणून आणि एकदा न तोडावयाची वनस्पती म्हणून. या दोहोंच्या मध्ये दुसऱ्या कोणाचा तरी हात असल्याखेरीज मुळी भिक्खूच्या पाट्यावर येऊच शकत नव्हती. तो हात उपासकाचा असेल, मजुराचा असेल, विहाराच्या सेवकाचा म्हणजे आरामिकाचा असेल. धम्मपदाच्या तण्हावग्गात तृष्णा समूळ खणून काढण्यासाठी वाळ्याची मुळे खणणाऱ्याचा दृष्टान्त योजिला आहे. तो ऐकणाऱ्यांस तात्काळ समजत होता, याचा अर्थ मुळ्या खणून आणणे हे रोजच्या पाहण्यातले श्रम होते. त्या खणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

आता मुळीच्या उपयोगाविषयी. चरकाच्या सूत्रस्थानातील २५ व्या अध्यायात प्रत्येक कामासाठी सर्वश्रेष्ठ द्रव्य कोणते याची गणना आहे. त्यात मळ बांधून धरणे, भूक वाढविणे आणि अन्न पचविणे ही तिन्ही कामे एकत्र करणाऱ्या द्रव्यांत मुस्ता श्रेष्ठ ठरविली आहे. हा संयोग दुर्मीळ होय, कारण बांधून धरणारी औषधे बहुधा भूक मारतात. आवयुक्त जुलाबात लव्हाळ्याची गाठ आणि आले एकत्र वाटून मधातून देण्याची चाल जुनी आहे. ही दोन्ही विनयाच्या यादीतीलच मुळ्या होत. तापातील तहानेवर वैद्य जे षडंगपानीय देतात त्यात मुस्ता आणि वाळा हे दोघे आहेत. लहान मुलांचा ताप, खोकला आणि हगवण यांवरील बाळचतुर्भद्र चूर्णात मुस्ता, अतिविष, पिंपळी आणि काकडशिंगी असतात. दिवाळीच्या उटण्याला येणारा वास बराचसा नागरमोथ्याचा असतो, हे तर सर्वांच्या नाकाला ठाऊक आहे.

अंगावरचे दूध शुद्ध करणाऱ्या चरकाच्या गटातही मुस्ता आहे. लोकवैद्यकात तिच्या गाठी उगाळून तो लेप बाळंतिणीच्या स्तनांवर लावतात. हा उपयोग पाठशाळेत सुचला असेल असे वाटत नाही. बाळंतिणीच्या खोलीत ज्या सुइणी वावरत, आणि त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या स्त्रिया पुष्कळ होत्या, त्यांच्याच हातून तो आला असावा, असे आमचे अनुमान आहे. ज्या हातांनी सवर्णांच्या घरी मूल जन्माला आणले ते हात बाराव्या दिवशी विटाळाचे ठरत. अशा स्त्रियांजवळची माहिती ग्रंथात शिरताना गटाच्या संस्कृत नावाखाली शिरली.

आधुनिक रसायनशास्त्राने गाठीतील सुगंधी तेलाचे पृथक्करण केले आहे. त्यात सायपेरीन, सायपेरोटुंडोन, अल्फा-सायपेरोन ही द्रव्ये सापडतात. प्रयोगशाळेत उंदरांवर केलेल्या चाचण्यांत गाठीच्या अर्काने जुलाब आणि दाह कमी झाल्याचे दिसले आहे. माणसांवरील चाचण्या त्या मानाने थोड्या आहेत, म्हणून जुन्या ग्रंथातील प्रत्येक दावा सिद्ध झाला असे कोणी समजू नये. सुदानमधील अल् खिदाय येथील प्राचीन दफनभूमीतील दातांवरच्या किटणाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेती सुरू होण्यापूर्वीपासून तेथील लोक याच गाठी खात होते असे त्यात आढळले, आणि दात किडविणाऱ्या जंतूंना ही वनस्पती अटकाव करीत असावी असा तर्कही संशोधकांनी मांडला. घरगुती उपयोग करणाऱ्यांस एक सूचना केलीच पाहिजे. मूल जुलाबाने मलूल झाले असेल तर गाठी उगाळीत बसू नये. आधी मीठ-साखरेचे पाणी पाजावे आणि दवाखाना गाठावा. बाजारात नागरमोथा म्हणून मिळणारी मुळी पुष्कळदा सायपेरस स्करिओसस या भावकीतल्या दुसऱ्या जातीची असते. तणनाशक मारलेल्या रानातील गाठ तर औषधाला कधीच वापरू नये.

मुळ्यांचा हा विचार संघाच्या आवारातच राहिला नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी चिकित्सेची सोय केल्याचे सांगितले आहे, आणि जेथे औषधी वनस्पती नाहीत तेथे त्या आणवून लावविल्या असे म्हटले आहे. त्यात मुळ्यांचा आणि फळांचा वेगळा निर्देश आहे. आपल्या सोपाऱ्यास १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना आठव्या आणि १९५६ मध्ये नवव्या शिलालेखाचे तुकडे मिळाले. तेथे संपूर्ण लेखमाला कोरलेली असली पाहिजे असे अभ्यासक मानतात. म्हणजे औषधी मुळ्यांची ती राजाज्ञा कोकणच्या किनाऱ्यावरही वाचली गेली असावी. पुढे महायान काळात हीच मुळी सूत्रग्रंथांबरोबर चीनमध्ये पोहोचली. इ.स. ६७१ ते ६९५ या काळात भारत व दक्षिण समुद्रातील देशांचा प्रवास करून परतलेल्या इत्सिंगने इ.स. ७०३ मध्ये सुवर्णप्रभास सूत्राचे चिनी भाषांतर पूर्ण केले. त्यात स्नानासाठी ३२ औषधींची यादी असून तीत मुस्ता आहे. चिनी नावाबरोबर भारतीय नावाचा उच्चारही त्याने नोंदवून ठेवला. वनस्पती तेथे आधीपासून उगवत होती. नाव मात्र आपल्याकडून गेले. चिनी वैद्यक आजही ती मासिक पाळीच्या वेदनांवर वापरते.

शेवटी पुन्हा भेसज्जक्खन्धकाकडे, कारण खणणाऱ्यांविषयीचा एक ओझरता उल्लेख तेथेच आहे. आयुष्मान पिलिन्दवच्छ यांच्या आजारांच्या निमित्ताने या खंधकातील बऱ्याच अनुज्ञा दिल्या गेल्या. राजा बिंबिसाराने त्यांच्या सेवेसाठी ५०० आरामिक दिले आणि त्यांचे एक गावच वसले. लोक त्याला आरामिकगाम म्हणत, पिलिन्दगाम असेही म्हणत. राजाने दिलेले हे लोक कितपत स्वतंत्र होते, हे विचारण्याचे आपण टाळू नये. त्यांतील एका घरची मुलगी सणाच्या दिवशी इतर मुलींचे दागिने आणि माळा पाहून रडत होती. पिलिन्दवच्छांनी गवताची एक चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवविली, ती सोन्याची झाली, आणि राजाने चोरीच्या संशयावरून ते घरच्या घर बंदिवासात टाकले, अशी कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी गरीब घरातील सोने पाहून राजाला पहिली शंका चोरीची आली, एवढे त्यातून उरते. पुढे स्थविरांनी राजवाडाच सोन्याचा करून दाखविला आणि कुटुंब सुटले. त्यांच्या कीर्तीमुळे तूप, लोणी, तेल, मध, फाणित यांचे इतके दान येऊ लागले की विहारात माठ आणि झोळ्या भरून राहिल्या, उंदीर माजले, लोक नावे ठेवू लागले. तेव्हा भगवंतांनी या पाच औषधांना सात दिवसांची मर्यादा घातली. मुळ्यांना ती मर्यादा लावलेली नाही. लव्हाळ्याचा साठा कोणी केला म्हणून तक्रार आल्याचे विनयात कोठेही नाही.